मूल कुणाच्या बाजूला बसतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑस्ट्रेलियाच्या १९७५ सालच्या कुटुंब कायद्यात एक मजेशीर कलम होतं. कलम ९७, पोटकलम ४. सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशानं आणि समोर उभ्या राहणाऱ्या वकिलानं झगा घालू नये, असं त्यात सरळ सांगितलेलं होतं. कोर्टात काय घालावं याचे नियम आपण ऐकलेले असतात. काय घालू नये हे संसदेनं कायदा करून सांगावं, हे मला तरी दुसरीकडे कुठं आढळलेलं नाही.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वतः एका कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून नोकरी करत होतो. आमच्याकडे न्यायाधीशांचा कोटही होता, वकिलांचे बँडही होते आणि व्हरांड्यात समोरासमोर दोन लांब बाक होते. एका बाकावर नवऱ्याकडची मंडळी, दुसऱ्यावर बायकोकडची. एक दिवस आठेक वर्षांचा एक मुलगा त्या दोन बाकांच्या मध्ये, पाण्याच्या पिंपाशी उभा होता. पुकारा व्हायला वेळ होता. मी म्हटलं, "बाळ, बस की." तर तो म्हणाला, "कुठल्या बाजूला बसू?" मी काही उत्तर दिलं नाही. पट्टेवाल्याचं स्टूल रिकामं होतं, ते ओढून दिलं.

त्या मुलाचा खटला चौदा महिने चालला. आईचं म्हणणं, वडील मारतात. वडिलांचं म्हणणं, आई पढवते. तारखा पडत गेल्या. दोन्ही वकील आपापल्या परीनं उत्तम होते. मात्र एक कागद कुणीच पुढे आणला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्या मुलाचं मनगट मोडलं होतं आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर, पडण्याच्या सांगितलेल्या कारणाशी ही इजा जुळत नाही, असं लिहून ठेवलं होतं. आईच्या वकिलाला तो कागद माहीत नव्हता. वडिलांच्या वकिलानं तो आणण्याचा प्रश्नच नव्हता. आणि न्यायाधीशानं स्वतः होऊन तो मागवावा, अशी तिथं रीत नव्हती. दोन्ही बाजू जे पुढे ठेवतील त्यातून निवडायचं, ही रीत. कागद सापडला तोपर्यंत अंतरिम आदेशानुसार तो मुलगा दर शनिवार-रविवार वडिलांकडे जाऊन येत होता.

म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. दोन मल्लांची कुस्ती आणि न्यायाधीश पंच, हा जो कोर्टाचा आपल्याला परिचित साचा आहे, तो इंग्रजांकडून आपल्याकडे आला आणि त्यांच्याकडूनच ऑस्ट्रेलियाकडे गेला. पैशाच्या नि जमिनीच्या व्यवहारात तो ठीक चालतो. पण ज्या खटल्यात मूल हीच वादाची वस्तू आणि मूल हाच एकमेव साक्षीदार, तिथं काय करायचं? ऑस्ट्रेलियानं या प्रश्नाशी पन्नास वर्षं झटापट केली. त्यात त्यांनी चुका केल्या, त्या मान्य केल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा नव्या केल्या. म्हणूनच तो इतिहास सांगण्यासारखा आहे.

तर त्या झग्याविषयी. १९७५ पूर्वी ऑस्ट्रेलियात घटस्फोट म्हणजे कुणाचा तरी दोष सिद्ध करणं. १९५९च्या कायद्यात घटस्फोटाची चौदा कारणं होती. व्यभिचार, क्रौर्य, दारूबाजी अशी ती यादी. पुरावा हवा म्हणून लोक खासगी गुप्तहेर नेमत आणि ते कॅमेरे घेऊन हॉटेलांबाहेर थांबत. लायोनेल मर्फी या ॲटर्नी जनरलनी हे सगळं एका फटक्यात मोडीत काढलं. बारा महिने वेगळे राहिलात तर विवाह मोडला, दोष कुणाचा हे विचारायचं नाही. आणि या नव्या कायद्यासाठी नवं कोर्ट. ५ जानेवारी १९७६ रोजी ते सुरू झालं. एलिझाबेथ एव्हॅट त्याच्या पहिल्या मुख्य न्यायाधीश. कोर्टाच्या आतच समुपदेशकांचा विभाग होता आणि तिथलं बोलणं गुप्त राहील अशी कायद्याची हमी होती. सुनावणी बंद दाराआड. झगा नाही. दुःखी माणसं येणार, त्यांना दबकायला लावू नये, हा विचार.

यापुढचं सांगताना मला नेहमी जड जातं. २३ जून १९८० रोजी याच कोर्टाचे न्यायाधीश डेव्हिड ओपस यांना सिडनीत त्यांच्या घराच्या दारात गोळी घालून ठार केलं गेलं. १९८४च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती रिचर्ड गी यांच्या घरावर बॉम्ब पडला. एप्रिलमध्ये पॅरामॅटा इथली कोर्टाची इमारत बॉम्बनं उडवली. जुलैमध्ये न्यायमूर्ती रे वॉटसन यांच्या घरी स्फोट झाला आणि दार उघडायला गेलेल्या त्यांच्या पत्नी पर्ल मरण पावल्या. या सगळ्यामागे एकच माणूस होता. मुलीच्या ताब्यासाठी त्याच कोर्टात भांडणारा एक बाप. त्याला शिक्षा झाली २०२० साली, म्हणजे पहिल्या खुनानंतर चाळीस वर्षांनी.

त्या काळात एक मत मोठ्यानं मांडलं जाऊ लागलं. ते असं, की झगा काढल्यानं कोर्टाचा दरारा गेला आणि संतापलेल्या पक्षकाराला समोर संस्था दिसण्याऐवजी एक साधा माणूस दिसू लागला. बंद दारं १९८३ सालीच उघडली होती. १९८७ साली झग्यावरची बंदीही काढली गेली. झग्यानं बॉम्ब अडतो असं मला वाटत नाही. तो बाप कुठल्याही पोशाखातल्या न्यायाधीशावर उठलाच असता. पण भेदरलेल्या संस्थेला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं, ते तिला मिळालं.

आणि खरं सांगायचं तर झगा काढला काय आणि घातला काय, आतली रीत बदललेली नव्हतीच. घटस्फोटातून दोष गेला खरा, पण तो मुलांच्या ताब्याच्या खटल्यात मागच्या दारानं परत आला. प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे तयार होत. तिनं काय केलं, त्यानं काय केलं, कुठल्या साली कुणाच्या लग्नात कोण काय बोललं. ज्यांनी कुटुंब न्यायालयात काम केलंय त्यांना हे गठ्ठे नुसत्या वजनावरून ओळखता येतील.

ऐंशीच्या दशकात या गठ्ठ्यांत एक नवी गोष्ट दिसू लागली: मुलाचा लैंगिक छळ झाल्याची तक्रार. ती सिद्ध करायची कशी? मूल चार वर्षांचं, साक्षीदार कुणी नाही. १९८८ साली असा एक खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या न्यायाधीशाचं म्हणणं होतं की छळ झालाच अशी माझी खात्री पटत नाही, पण तो धोका नाहीच असंही मला म्हणता येत नाही; सबब वडिलांची भेट बंद. सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल कायम केला आणि एक कसोटी घालून दिली. कुटुंब न्यायालयाचं काम गुन्हा शाबीत करण्याचं नाही, मुलाला न परवडणारा धोका आहे का, एवढं पाहण्याचं आहे. मागे काय घडलं याचा निवाडा वेगळा आणि पुढे काय घडू शकेल याचा अंदाज वेगळा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा विचार हाच. त्यात बापावर अन्याय होण्याची शक्यता आहे, हे मी नाकारत नाही. तो निर्णय देणाऱ्यांनीही नाकारलं नव्हतं.

पण अंदाज करायचा तर माहिती हवी आणि माहिती होती दुसऱ्याच कपाटात. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार विवाह आणि घटस्फोट हे केंद्राचे विषय. मुलांचं संरक्षण मात्र राज्यांचं. म्हणजे छळाची चौकशी करणारी माणसं राज्य सरकारच्या खात्यात आणि ताब्याचा निकाल देणारा न्यायाधीश केंद्राच्या कोर्टात. खात्याला वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण आहे, कोर्टात आहे ना, मग कोर्ट बघेल. कोर्टाला वाटायचं, खात्यानं काही केलेलं नाही म्हणजे फारसं काही नसावं. मूल मधल्या फटीत.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या थिया ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात या खटल्यांचे कागद बसून वाचले. तोवर सगळ्यांचा समज असा, की ताब्याच्या भांडणात केलेल्या छळाच्या तक्रारी बहुतेक बनावट असतात. त्यांना खोट्या तक्रारी आढळल्या त्या साधारण नऊ टक्के. शिवाय असे खटले म्हणजे कोर्टाच्या कामातला एखाददुसरा अपवाद नव्हता. मुलांच्या बाबतीतल्या कामाचा तो मोठा हिस्सा होता.

ॲलिस्टर निकल्सन तेव्हा मुख्य न्यायाधीश होते. १९९८च्या जूनमध्ये मेलबर्न आणि डँडेनाँग इथं शंभर कुटुंबांपुरता एक प्रयोग सुरू झाला. नाव ठेवलं 'मॅगेलन', जगप्रदक्षिणेला निघालेल्या त्या दर्यावर्दीचं. प्रयोग कागदावर अगदी साधा दिसतो. गंभीर छळाची तक्रार असलेला खटला पहिल्याच पायरीला बाजूला काढायचा. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच छोट्या चमूकडे राहणार: न्यायाधीश, निबंधक, समुपदेशक. प्रत्येक मुलाला स्वतःचा वकील आणि त्याच्या सरकारी फीवरची मर्यादा उठवलेली. राज्याच्या बालसंरक्षण खात्याकडून न्यायाधीश स्वतः अहवाल मागवणार, ठरलेल्या मुदतीत. सगळं सहा महिन्यांत संपवण्याचं उद्दिष्ट.

पाहा, यात क्रांतिकारक असं काय आहे? दुसऱ्या कपाटातला कागद न्यायाधीशानं मागवायचा, एवढंच. आमच्या त्या मुलाचा केसपेपर अशा रीतीत पाच-सहा आठवड्यांत टेबलावर आला असता. मॅगेलनच्या मूल्यमापनात दिसलं ते असं: पूर्वी अशा खटल्याला सरासरी साडेसतरा महिने लागत, ते पावणेनऊच्या आसपास आले. पूर्वी तीस टक्के खटले शेवटच्या निकालापर्यंत लढवले जात, ते तेरा टक्क्यांवर आले. न्यायाधीशांनी समजूत घालण्याची काही खास युक्ती वापरली नव्हती. खात्याचा अहवाल लवकर समोर आला की दोन्ही बाजूंना आपण कुठे उभे आहोत हे कळायचं आणि भांडणाची हवाच निघून जायची. तंटा कमी झाला तो माहितीमुळे. हे मला फार बोलकं वाटतं. आम्ही समुपदेशक मंडळी बोलण्याच्या जादूवर जरा जास्तच विश्वास ठेवत आलो आहोत.

त्यानंतर २००४च्या मार्चमध्ये सिडनी आणि पॅरामॅटा इथं आणखी एक पाऊल पडलं. या वेळी नजर जर्मनीकडे होती. तिथं न्यायाधीश पंच नसतो, तो स्वतः विचारतो. दोन्ही पालकांची संमती असेल तर तशी सुनावणी करून पाहायची असं ठरलं. आणि १ जुलै २००६ पासून ही पद्धत कायद्यातच आली. मुलांच्या खटल्यात पुराव्याच्या कायद्याचे बरेचसे नियम, न्यायाधीशानं वेगळं ठरवल्याखेरीज, लागू नाहीत. खटला कसा चालेल हे न्यायाधीश ठरवणार, वकील नव्हे.

माझी मुलगी मेलबर्नला असते. २००७ साली आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो तेव्हा सौ.ला ट्राममधून बाजारात सोडून मी विल्यम स्ट्रीटवरच्या कोर्टाच्या इमारतीत जाऊन बसलो. समोर फ्लॅगस्टाफ गार्डन आहे, लोक डबे खात बसलेले असतात. सुनावणी पाहायला कुणालाही बसता येतं, मात्र पक्षकारांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. म्हणून त्या कुटुंबाबद्दल मी काही सांगणार नाही, रीत तेवढी सांगतो. सुरुवातीलाच दोघांनाही शपथ दिली. म्हणजे तिथून पुढे ते जे बोलतील तो पुरावा. मग न्यायाधीश बाई थेट पालकांशी बोलू लागल्या. मुलांबद्दल सांगा, म्हणाल्या. कुटुंबाशी आधी बोललेला कोर्टाचा तज्ज्ञ तिथंच बसलेला, त्याला मध्येच विचारत होत्या. एका बोलण्यावर एक वकील सवयीनं हरकत घ्यायला उठले, अर्धे उठले, आजूबाजूला पाहिलं आणि पुन्हा खाली बसले. मला हसू आलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. तीस वर्षांची सवय गुडघ्यातून जायला वेळ लागतो.

त्या दिवशी मी भारावून परतलो. इकडे आल्यावर दोन ठिकाणी भाषणंही दिली. आता त्यातली काही वाक्यं मी परत घेतो आणि का ते सांगतो.

२००६च्या ज्या कायद्यानं ही सौम्य सुनावणी आणली, त्याच कायद्यानं आणखी दोन-तीन गोष्टी आणल्या. मुलाची जबाबदारी दोन्ही पालकांची सारखीच, असं कोर्टानं गृहीत धरून सुरुवात करायची. दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं टिकवायला कोण किती उत्सुक आहे, हे पाहायचं. आणि जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्याकडून खर्च वसूल करायचा. ऐकायला तिन्ही गोष्टी शहाणपणाच्या आहेत. पण मार खाल्लेल्या बाईच्या जागी उभं राहून ऐका. मारहाणीबद्दल बोलावं तर आपण नातं तोडणारी आई ठरू, सिद्ध नाही झालं तर खर्च बसेल. तेव्हा गप्प बसणं बरं. वकीलही तोच सल्ला देऊ लागले. टेबलाभोवती सगळे समजूतदारपणे बोलत होते आणि जे बोलायला हवं होतं तेच बोललं जात नव्हतं. हे ध्यानात यायला, चौकशा व्हायला वेळ गेला. २०१२ साली यातल्या शेवटच्या दोन तरतुदी काढल्या आणि नातं की सुरक्षितता असा पेच आला तर सुरक्षितता आधी, असं कायद्यात लिहिलं. सारख्या जबाबदारीचं ते गृहीतक जायला मात्र ६ मे २०२४ उजाडला.

दुसरी गोष्ट वकिलांची. खर्च झेपत नाही म्हणून वकील नसलेले पक्षकार वाढत गेले. वकील नाही म्हणजे उलटतपासणी कोण घेणार? नवरा स्वतः. म्हणजे जिनं मारहाणीची तक्रार केली, तिला तोच माणूस भर कोर्टात प्रश्न विचारणार. हे तिथं कित्येक वर्षं चालू होतं. २०१८ साली कायदा झाला आणि २०१९च्या सप्टेंबरपासून गंभीर हिंसाचाराच्या खटल्यांत अशी प्रत्यक्ष उलटतपासणी बंद झाली. प्रश्न विचारायचे तर वकिलामार्फत. म्हणजे पाहा, तंटा कमी करायचा म्हणून वकिलांना मागे सारायला निघालेल्या पद्धतीला, बाईच्या आणि मुलाच्या रक्षणासाठी वकील परत बोलवावा लागला.

हे आपल्याशी अगदी जवळून निगडित आहे. आपल्याकडे कुटुंब न्यायालयाची कल्पना मांडणाऱ्यांत दुर्गाबाई देशमुख आघाडीवर होत्या. १९५३ साली चीनच्या दौऱ्यात त्यांनी तिथली कुटुंब न्यायालयं पाहिली आणि परतल्यावर न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्यापुढे विषय काढला. १९७४ साली विधी आयोगाच्या एकोणसाठाव्या अहवालानं दिवाणी कोर्टाच्या रीतीपेक्षा वेगळी वाट धरायला सांगितलं. कायदा झाला १९८४ साली, आणि १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत न्यायालयं सुरू झाली. या कायद्याचं कलम १३ म्हणतं की वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाला वाटलं तर मित्र म्हणून तज्ज्ञ बोलावता येईल. कलम १४ पुराव्याचे नियम सैल करतं. म्हणजे ऑस्ट्रेलियानं २००६ साली जे केलं त्यातलं बरंचसं आपण बावीस वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. माझ्या नोकरीत कलम १४चा उपयोग स्वतः होऊन करणारे न्यायाधीश मला फार थोडे भेटले. वकील मात्र परवानगी घेऊन जवळजवळ प्रत्येक खटल्यात उभे असत.

आणि ती मधली फट आपल्याकडेही आहेच. मुलाचा ताबा कुटुंब न्यायालयाकडे. लैंगिक छळाचा गुन्हा, २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार, विशेष न्यायालयाकडे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बालकल्याण समितीकडे. तीन टेबलं, तीन फायली आणि एकच मूल तीन ठिकाणी तीच गोष्ट सांगणार. तिसऱ्यांदा सांगताना ते चुकलं की उलटतपासणीत ती विसंगती ठरते. आपल्याला न्यायालयाचं बोलणं मऊ करण्याआधी या तीन फायली एकमेकींना भेटवण्याची गरज आहे, असं माझं मत झालंय. काही जुने सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, फायली भेटल्या की गुप्तता गेली, मग आमच्याशी मन मोकळं कोण करील? या आक्षेपात दम आहे.

ऑस्ट्रेलियानं त्यावर अलीकडे काढलेली वाट म्हणून ऐकण्यासारखी आहे. २०२० सालच्या अखेरीस ॲडलेड, ब्रिस्बेन आणि पॅरामॅटा इथं 'लाइटहाउस' नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि दोन वर्षांत तो आणखी कितीतरी ठिकाणी पसरला. दरम्यान १ सप्टेंबर २०२१ रोजी ते जुनं कुटुंब न्यायालय दुसऱ्या एका न्यायालयात विलीन झालं. त्यावर तिथं बरंच रण माजलं, ते आज बाजूला ठेवू. लाइटहाउसमध्ये मुलांचा अर्ज दाखल झाला की पालकाला एक प्रश्नावली येते. ती घरी बसून संगणकावर भरायची. उत्तरं गुप्त असतात, ती समोरच्या पक्षाला दिसत नाहीत आणि पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. धोका मोठा दिसला तर खटला वेगळ्या यादीत जातो. तिथं अनुभवी न्यायाधीश असतात आणि राज्याच्या खात्याची माहिती लगेच मागवली जाते. त्या यादीला नाव दिलंय 'एव्हॅट लिस्ट', १९७६ साली झग्याशिवाय काम सुरू करणाऱ्या त्या पहिल्या मुख्य न्यायाधीशांचं.

हे वाचलं तेव्हा मी कागद घेऊन आमच्याकडच्या पक्षकारांसाठी प्रश्न लिहायला बसलो. निवृत्त माणसाचे उद्योग. अकरा प्रश्न झाले. चौथा प्रश्न आहे: मुलाला कधी दवाखान्यात न्यावं लागलं का, कुठल्या, आणि तिथला कागद घरी आहे का? त्या मुलाच्या आईला हे चौदा महिन्यांत कुणीही विचारलं नव्हतं. त्या 'कुणीही'त मीसुद्धा आलो.